चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचं भाडं

घाऊक विक्री करणाऱ्या घरगुती उद्योजकांनी मालवाहतुकीचा खर्च कसा सांभाळावा

आपल्या गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात स्टॉल्सवरून एक चक्कर मारली की आपल्या लोकांच्या हातात किती कला आहे ते कळते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, आकाशकंदील, मोत्यांचे दागिने! कोणीतरी कौतुकाने म्हणते, "अहो, हे दुकानात का नाही ठेवत?" आणि एक दिवस खरोखरच एखाद्या दुकानदाराचा फोन येतो.

दुकान कॅल्गरीतच असेल तर फारसा प्रश्न नसतो. शनिवारी सकाळी गाडीच्या डिकीत चार खोकी टाकायची आणि पोचवून यायचे. पण चार महिन्यांनी एडमंटनहून विचारणा होते, मग सास्काटूनहून, मग विनिपेगहून. आनंदाच्या भरात आपण "हो, पाठवतो" म्हणतो आणि भाड्याचा विषय निघतो तो माल बांधून झाल्यावर! दुकानदार समजतो, किमतीत पोचवणे आले. आपण समजतो, भाडे तो देणार. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, पण पहिल्याच ऑर्डरवर मने कडू होतात आणि दुसरी ऑर्डर येत नाही.

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच: भाडे हा बिलाच्या तळाशी शेवटी लिहायचा आकडा नाही, तो मालाच्या किमतीचाच एक भाग आहे. ते कोणी ना कोणी देणारच. कोण आणि किती, हे ऑर्डर घेण्यापूर्वी ठरले पाहिजे.

जागेवरचा भाव आणि पोहोच भाव

लिज्जत पापडाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांची पहिली चार पाकिटे घेतली भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने. या कथेत भाड्याचा उल्लेख कुठेच येत नाही, कारण गिरगावातून भुलेश्वरला माणूस पायी जातो. आपले भुलेश्वर मात्र लांब आहे. कॅल्गरीहून एडमंटन सुमारे ३०० किलोमीटर, सास्काटून सुमारे ६००, व्हँकुव्हर जवळजवळ १०००, विनिपेग १३०० च्या पुढे. टोरांटोला माल पाठवायचा तर सुमारे ३४०० किलोमीटर.

महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत लांबचा व्यवहार शतकानुशतके चालत आला आहे. तिथला मुरलेला व्यापारी भाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारतो, "हा भाव जागेवरचा की पोहोच?" जागेवरचा म्हणजे गोदामातून उचला, पुढची हमाली आणि भाडे तुमचे. पोहोच म्हणजे तुमच्या दारात टाकून. ट्रकच्या बिल्टीवरही 'पेड' की 'टू पे' ते स्वच्छ लिहिलेले असते. इथे कॅनडात त्यालाच 'प्रीपेड' आणि 'कलेक्ट' म्हणतात, आणि जागेवरच्या भावाला 'एफ. ओ. बी. कॅल्गरी'. शब्द बदलले, प्रश्न तोच. आपल्या दरपत्रकावर या प्रश्नाचे उत्तर छापलेले हवे.

एका बरणीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला.

समजा, गोड्या मसाल्याची २०० ग्रॅमची काचेची बरणी आहे. साहित्य, बरणी, लेबल आणि स्वयंपाकघराचे भाडे धरून ती तुम्हाला ३ डॉलरला पडते. घाऊक भाव ५ डॉलर, म्हणजे सुटतात २ डॉलर. बारा बरण्यांची एक पेटी ६० डॉलरची, आणि त्यात तुमचे २४.

आता सास्काटूनच्या दुकानदाराने एकच पेटी मागवली आणि भाडे पडले २१ डॉलर. भाडे तुम्ही सोसले तर २४ मधले ३ डॉलर हातात उरले. त्यातून खोके, चिकटपट्टी आणि तुमचा वेळ! बरे, भाडे दुकानदाराने सोसले तर? त्याला बरणी ५ ला नाही, ६.७५ ला पडली. विक्रीच्या किमतीवर ३५ टक्के सुटावेत असा त्याचा हिशेब असेल, तर एरवी जी बरणी ७.६९ ला ठेवता आली असती ती आता १०.३८ ला ठेवावी लागेल. गिऱ्हाईक बरणी उचलते, किंमत बघते आणि परत फळीवर ठेवते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसे इथे भाड्याचे होते.

आता त्याच दुकानदाराने चार पेट्या एकदम घेतल्या असे धरा. एका मोठ्या खोक्यात साधारण २० किलो, भाडे समजा ३६ डॉलर. बरणीमागे भाडे पावणेदोन डॉलरवरून ७५ सेंटांवर आले. सगळे भाडे दुकानदाराने दिले तरी फळीवरची किंमत ८.८५ होते. ती चालू शकते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, भाडे नेहमी बरणीमागे किती ते मोजावे, खोक्यामागे नव्हे. दुसरी, लांबच्या गावाला एक पेटी पाठवणे बहुधा कोणालाच परवडत नाही. म्हणून प्रत्येक अंतरासाठी किमान ऑर्डर ठरवावी: कॅल्गरीत एक पेटी चालेल, सास्काटूनला चार.

भाडे वाटून घेण्याच्या रीती

पहिली रीत, भाडे पूर्णपणे दुकानदाराचे. तुम्ही जेवढे भरले तेवढेच बिलात वेगळे दाखवायचे. स्वच्छ व्यवहार आहे, पण नव्या मालाला दुकानदार बिचकतो, कारण माल खपेल की नाही याची त्याला खात्री नसते. ही रीत वापरायची तर भाड्याचा अंदाज आधी सांगा. बिल पाहून त्याला धक्का बसता कामा नये.

दुसरी रीत, सगळीकडे एकच पोहोच भाव. ५ च्या जागी साडेपाच लावायचे आणि "भाडे माफ" म्हणायचे. सोपे वाटते, पण मग कॅल्गरीतला दुकानदार विनिपेगच्या दुकानदाराचे भाडे भरतो. तुमचा सर्वांत जवळचा आणि नियमित गिऱ्हाईक तोच असेल, तर त्यालाच महाग माल देणे शहाणपणाचे नाही. ज्यांचा माल हलका आणि किमती आहे, उदाहरणार्थ दागिने, त्यांना मात्र ही रीत छान जमते.

तिसरी रीत आपल्यासारख्या छोट्या उद्योगांना सर्वांत सोयीची वाटते: भाड्याला मर्यादा घालणे. दुकानदाराला सांगायचे, "ऑर्डरच्या १० टक्क्यांपर्यंत भाडे आमचे, त्यावरचे तुमचे." वरच्या उदाहरणात चार पेट्यांची ऑर्डर २४० डॉलरची. १० टक्के म्हणजे २४ डॉलर तुम्ही द्याल, उरलेले १२ तो देईल. तुमच्या बरणीमागच्या २ डॉलरमधले ५० सेंट गेले, दीड डॉलर राहिला. त्याने एकच पेटी मागवली तर तुमचे ६ आणि त्याचे १५. मोठी ऑर्डर देण्यात फायदा आहे हे त्याला न सांगता कळते. टक्केवारी १० असावी की ७, हे तुमच्या नफ्यावरून ठरवा. शेजारच्याची टक्केवारी उचलू नका.

"अमुक रकमेवर भाडे माफ" असेही करता येते. पण ती रक्कम मोजूनच काढलेली हवी. २०० डॉलरचा आकडा गोल दिसतो म्हणून ठेवला आणि तेवढ्यात भाडे सुटत नसेल, तर तुम्ही जितका माल विकाल तितके खड्ड्यात जाल.

चिवड्यातली हवा

वाहतूक कंपन्या वजन पाहतात, तसेच खोके गाडीत जागा किती अडवते तेही पाहतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे ५००० किंवा ६००० ने भागायचे, की आकारमानाचे वजन निघते. ते आणि खरे वजन यांपैकी जे जास्त त्यावर भाडे लागते.

पातळ पोह्यांच्या चिवड्याचे ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे खोके घ्या. गुणाकार ९६,०००. भागिले ६००० केले तर १६ किलो, ५००० ने भागले तर १९ किलोंच्या वर. काट्यावर खोके भरेल जेमतेम ६ किलो. बाकीचे दहा-तेरा किलो भाडे आपण हवेचे भरतो! म्हणून चिवडा, कुरमुरे, कंदील असा फुगीर माल शक्यतो जवळच्या दुकानांना द्यावा, आणि मसाला, मेतकूट, भाजणी असा घट्ट माल लांब पाठवावा. खोके मालाच्या मापाचे घ्यावे. बरणीची काच दीडशे ग्रॅमची असेल तर बारा बरण्यांत १ किलो ८०० ग्रॅम नुसती काचच प्रवास करते. लांबच्या दुकानांसाठी पाकिटे चालतील का ते पाहावे.

शिवाय इंधनाचा अधिभार, घरून माल उचलण्याचा आकार, मागच्या फळीने, म्हणजे टेलगेटने, माल उतरवण्याचा आकार असे बारीकसारीक खर्च वर लागतात. भाव विचारताना "सगळे धरून किती?" असे विचारावे. खोकी पाच-सहाच्या वर गेली की पॅलेटवर बांधून ट्रकने पाठवण्याचा भावही काढावा. अनेकदा तो स्वस्त पडतो.

आपली गाडी फुकट नसते

"त्यात काय, मीच एडमंटनला टाकून येतो," असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. जाऊन-येऊन ६०० किलोमीटर. कॅनडाच्या कर खात्याने प्रांतांमधील गाडीखर्चाच्या भत्त्यासाठी २०२५ साली पहिल्या ५००० किलोमीटरांना किलोमीटरमागे ७२ सेंटांचा दर धरला होता. त्या मापाने ही फेरी ४३२ डॉलरची झाली. पेट्रोल तेवढ्याचे लागत नाही हे खरे, पण टायर, विमा आणि गाडीची झीज कोणाच्या खिशातून जाते? सुट्टीचा दिवस गेला तो वेगळाच. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातली गत. एडमंटनला जायचेच असेल तर चार दुकानांच्या ऑर्डरी एकत्र करून महिन्यातून एकदा जावे. मिल वूड्समधल्या दुकानांची एका फेरीत वाटणी झाली तर हिशेब जमतो.

फुटले, गोठले तर कोणाचे?

माल निघाल्यावर त्याची जोखीम कोणाची, हेही भाड्याइतकेच महत्त्वाचे आहे. 'एफ. ओ. बी. कॅल्गरी' म्हटले तर माल कॅल्गरीत गाडीवर चढला की जोखीम दुकानदाराची. पोहोच म्हटले तर त्याच्या दारात उतरेपर्यंत तुमची.

ट्रकच्या बिल ऑफ लेडिंगवर मालाची किंमत वेगळी जाहीर केली नसेल, तर कंपनीची भरपाईची जबाबदारी सर्वसाधारणपणे पौंडाला २ डॉलर, म्हणजे किलोला ४.४१ डॉलर एवढीच असते. ५ किलोच्या पेटीला फार तर २२ डॉलर, आणि पेटी तर ६० डॉलरची! किमती माल असेल तर किंमत जाहीर करावी किंवा विमा घ्यावा. दुकानदाराला सांगून ठेवावे की खोके दबलेले दिसले तर पावतीवर तसे लिहूनच सही करावी, आणि फोटो काढावेत. नुकसानीची लेखी सूचना माल मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत जावी लागते.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न वेगळाच. उणे ३० मध्ये रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये पाण्याचा अंश असलेली चटणी, सॉस किंवा सरबत गोठून बरणी तडकते. हिवाळ्यात उबदार गाडीची, 'हीटेड' सेवा मिळते, पण तिचा आकार जास्त. असा माल सप्टेंबरमध्येच पुरेसा पाठवून ठेवावा आणि थंडीत कोरडा माल पाठवावा, हे उत्तम.

एकाच गाडीवर भिस्त नको

प्रेअरीतल्या लहान गावांना पार्सल पाठवायचे म्हणजे ग्रेहाउंडची बस, असे कित्येक वर्षे समीकरण होते. संध्याकाळी डेपोवर खोके टाकले की सकाळी पलीकडच्या गावात हजर. ३१ ऑक्टोबर २०१८ नंतर अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबातली ती सेवा बंद झाली, आणि मे २०२१ मध्ये कंपनीने कॅनडातला उरलेला कारभारही गुंडाळला. नोव्हेंबर २०२१ च्या पुरात व्हँकुव्हरकडे जाणारे रस्ते वाहून गेले. कोकिहाला महामार्ग मालवाहू गाड्यांना २० डिसेंबरला खुला झाला. टपाल खात्याचा संप २०२४ साली १५ नोव्हेंबरला सुरू झाला तो १७ डिसेंबरपर्यंत चालला, म्हणजे ख्रिसमसचा सगळा हंगाम. २०२५ साली २५ सप्टेंबरला पुन्हा देशभर संप झाला, तोही ऐन दिवाळीच्या तोंडावर.

ज्याचे दोन कंपन्यांकडे खाते होते त्याची दिवाळी साजरी झाली. म्हणून कॅनडा पोस्टबरोबर एखाद्या खासगी कुरिअरकडेही खाते उघडून ठेवावे. छोट्या उद्योगांना खात्यावर सवलतीचे दर मिळतात, काउंटरवरचा दर हा शेवटचा उपाय. आणि दिवाळीचा माल गणपतीच्या सुमारासच रवाना करावा.

थोडे कराविषयी आणि परवान्याविषयी

भाडे तुम्ही बिलात लावता तेव्हा जी. एस. टी. च्या बाबतीत ते सहसा मालाच्या मागून जाते. मसाल्यासारख्या मूलभूत किराण्यावर कराचा दर शून्य, तर तो पोचवण्याच्या आकारावरही शून्य. चिप्ससारख्या खाऱ्या खाण्यावर किंवा दागिन्यांवर कर लागतो, तर भाड्यावरही लागतो. कराचा दर माल जिथे पोचतो त्या प्रांताचा धरतात: अल्बर्टात ५ टक्के, ओंटारियोत १३ टक्के. सलग चार तिमाहींची उलाढाल ३०,००० डॉलरच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. शून्य दराची विक्रीही या उलाढालीत मोजतात. नोंदणी असेल तर वाहतूक कंपनीला भरलेला कर परत मागता येतो, म्हणून भाड्याची प्रत्येक पावती जपावी. तपशील आपल्या अकाउंटंटला विचारून पक्का करावा.

खाद्यपदार्थ प्रांताबाहेर विकायला पाठवायचे तर 'सेफ फूड फॉर कॅनेडियन्स' नियमांखालचा परवाना साधारणपणे लागतो. हे नियम १५ जानेवारी २०१९ पासून लागू आहेत. तेव्हा सास्काटूनच्या ऑर्डरला "हो" म्हणण्यापूर्वी भाड्याबरोबर परवान्याचीही चौकशी करावी.

आणि पाठ सांभाळा

भाडे वाचवण्याच्या नादात खोकी जड होत जातात. टपाल खाते ३० किलोपर्यंत पार्सल घेते, पण आपली पाठ घेत नाही! अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने उचलण्यासाठी धरलेली कमाल मर्यादा २३ किलो आहे, आणि तीही सगळे अनुकूल असताना: ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, कंबर न वळवता. गाडीच्या डिकीतून वाकून, बर्फावर उभे राहून खोके काढणे यात बसत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी खोके १५ किलोंच्या आत ठेवावे, गुडघ्यात वाकून उचलावे आणि एक छोटी ढकलगाडी घ्यावी. एकदा कंबर धरली की औषधोपचार आणि बुडालेले दिवस मिळून वर्षभराच्या भाड्याची बचत जाते.

ऑर्डर घेण्यापूर्वी

१. दरपत्रकावर "भाव जागेवरचा" की "पोहोच" ते लिहा.

२. प्रत्येक गावासाठी किमान ऑर्डर किती पेट्यांची ते ठरवा.

३. भरलेल्या पेटीचे खरे वजन आणि तिन्ही मापे वहीत नोंदवा.

४. दोन कंपन्यांचे, सगळे आकार धरून, भाव काढा.

५. भाडे बरणीमागे काढा, आणि दुकानदाराच्या फळीवर किंमत किती होईल तेही काढा.

६. तुमच्या वाट्याचे भाडे किती टक्क्यांपर्यंत, ते ऑर्डरच्या कागदावर लिहा.

७. फुटतूट झाली तर कोणाची, आणि किती दिवसांत कळवायचे, तेही त्याच कागदावर.

पैशाचे बोलायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, त्यातून दुकानदार ओळखीचा, गाववाला असला तर जास्तच. पण भाड्याचे आधी बोलणारा विक्रेता दुकानदाराला कंजूष वाटत नाही, तो पक्का वाटतो. त्याला स्वतःलाही हाच हिशेब रोज करावा लागतो. कधी कधी सगळे मोजून झाल्यावर उत्तर येईल की विनिपेगला माल पाठवणे अजून परवडत नाही. तसे आले तर मोकळेपणाने सांगावे, "अजून चार दुकाने तयार झाली की पाठवतो." तोट्यात पाठवलेल्या दहा पेट्यांपेक्षा हा एक नकार उद्योग जास्त दिवस टिकवतो.

दरपत्रक आजच काढून बघा. त्यावर भाड्याची ओळ नसेल तर पुढची ऑर्डर यायच्या आत ती लिहून टाका.